छातीचा पिंजरा आणि प्राणाचा प्रश्न

मराठीत माणूस श्वास घेतो, श्वास सोडतो, निःश्वास टाकतो, दम धरतो आणि अखेरीस प्राणही तोच सोडतो. या सर्व प्रयोगांत माणूस कर्ता आहे आणि वारा हे त्याच्या हाती असलेले द्रव्य आहे, अशी समजूत भाषेच्या घडणीतच मुरलेली आहे. शरीरक्रियाशास्त्र मात्र या क्रियेचे वर्णन निराळ्या रीतीने करते. त्याच्या मते फुप्फुसे वारा ओढून घेत नाहीत; छातीच्या पोकळीतील जागा वाढते, त्यामुळे तेथील दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित उतरतो, आणि बाहेरचा वारा स्वतःच्या भारानेच आत शिरतो. हे वर्णन खरे मानले, आणि ते खरे न मानण्यास आज कोणतेही कारण उरलेले नाही, तर एक जुना धार्मिक प्रश्न नव्याने समोर येतो: श्वासाचा कर्ता नेमका कोण, आणि उपनिषदे ज्याला प्राण म्हणतात तो हा आत-बाहेर करणारा वाराच आहे, की या वाऱ्याला वाट करून देणारे दुसरे काही?

या प्रश्नाचा आधुनिक इतिहास पाहताना बजबज या गावाचे नाव घ्यावे लागते. कोलकात्याच्या नैऋत्येस, हुगळीच्या डाव्या तीरावर वसलेले बजबज तागाच्या गिरण्यांसाठी आणि खनिज तेलाच्या टाक्यांसाठी ओळखले जाते. सप्टेंबर १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ या जहाजातून परतलेल्या पंजाबी प्रवाशांवर गोळीबार झाला तोही येथेच, आणि त्या रक्ताची आठवण या गावाने जपलेली आहे. त्याच्या १७ वर्षे आधी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, मद्रासहून निघालेल्या ‘मोंबासा’ या जहाजाने स्वामी विवेकानंद बजबजला आले आणि १९ फेब्रुवारीच्या सकाळी तेथून खास आगगाडीने शियालदहला पोहोचले. पाश्चात्त्य देशांतील सुमारे साडेतीन वर्षांच्या वास्तव्यानंतर बंगालच्या मातीला त्यांचे पाय लागले ते या नदीकाठी. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, न्यूयॉर्कमधील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा ‘राजयोग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात त्यांनी प्राणायामाविषयीच्या रूढ समजुतीला थेट छेद दिला होता. प्राणायामाचा श्वासाशी संबंध फार थोडा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फुप्फुसांची हालचाल पंपाप्रमाणे वारा आत घेते, त्या हालचालीमागे जी शक्ती आहे ती प्राण होय, आणि म्हणून प्राणायाम म्हणजे वाऱ्याचे नियमन नसून फुप्फुसांना हलवणाऱ्या त्या शक्तीचे नियमन होय. यातील पहिला भाग शरीरक्रियाशास्त्राचा आहे आणि तो बिनचूक आहे. दुसरा भाग तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याची परीक्षा पहिल्या भागाच्या आधारानेच करावी लागते.

छातीची पोकळी ही बरगड्या, उरोस्थी आणि पाठीचा कणा यांनी वेढलेली, वरून गळ्यापाशी निमुळती होत गेलेली आणि खालून श्वासपटलाने बंद झालेली पेटी आहे. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली उतरतो, शांत श्वासात सुमारे दीड सेंटिमीटर आणि खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात, ज्यामुळे पेटी सर्व बाजूंनी मोठी होते. फुप्फुसांना स्वतःचा स्नायू नाही, ती पेटीच्या भिंतीला शिवलेलीही नाहीत. फुप्फुसावर एक आणि छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूला एक असे आवरणाचे दोन पातळ पदर आहेत आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा जेमतेम ओलावा आहे. ओल्या फरशीवर टाकलेले केळीचे पान सरकवले तर सहज सरकते, पण सरळ वर उचलू पाहिले तर चिकटून बसते; हे दोन पदर एकमेकांशी असेच वागतात. फुप्फुस लवचिक असल्याने सदैव आक्रसू पाहते, छातीची भिंत बाहेर फाकू पाहते, आणि या विरुद्ध ओढींमुळे दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा नेहमीच कमी राहतो. याला ऋण दाब म्हणतात. ऋण याचा अर्थ शून्याच्या खाली असा नाही, बाहेरच्या तुलनेने उणा, एवढाच आहे. पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने हा दाब मोजला तर शांत अवस्थेत तो सुमारे ५ सेंटिमीटरने उणा असतो आणि श्वास आत येताना साडेसात-आठ सेंटिमीटरपर्यंत उणा होतो. फुप्फुसांच्या आतल्या सूक्ष्म वायुकोशांत मात्र या वेळी दाब केवळ १ सेंटिमीटरने उतरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा एकूण दाब याच मापाने सुमारे १,०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे हजारात एका भागाचा फरक पडतो, आणि तेवढ्या फरकाने सुमारे अर्धा लिटर हवा दोनेक सेकंदांत आत येते. निसर्गाने इतकी मोठी गोष्ट इतक्या थोडक्या तफावतीवर सोपवावी, याचे आश्चर्य कितीही वेळा वाटले तरी ते ओसरत नाही.

या ठिकाणी पंपाची उपमा शेवटपर्यंत नेऊन पाहणे अगत्याचे आहे, कारण विवेकानंदांनी ती वाटेत सोडली. बंगालच्या सखल भूमीवर ज्याचा दांडा दिवसभर वर-खाली होत असतो तो साधा हातपंप घेतला, तर पाहणाऱ्यास असेच वाटते की दांडा दाबणारी बाई पाणी वर ओढीत आहे. वस्तुतः दट्ट्या वर गेल्याने नळीतल्या हवेचा दाब उतरतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर पडलेला वातावरणाचा भार ते पाणी नळीत वर ढकलतो. म्हणूनच असा पंप कितीही चांगला असला तरी सुमारे १० मीटरपेक्षा खोल पाणी त्याला येत नाही. वातावरणाची ढकलण्याची ताकद तेथे संपते. ही मर्यादा गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवली, पण तिचे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने काही वर्षांतच पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. तोवर निसर्गाला पोकळीची भीती वाटते म्हणून पाणी वर चढते, असे पंडित मानीत, आणि छाती फुगली की फुप्फुस तिच्यामागून का जाते याचे उत्तरही ग्रीक वैद्यकाने असेच दिले होते. इंग्लंडमधील जॉन मेयो याने १६६८ मध्ये श्वासावरील निबंधात भात्याच्या पोटात ठेवलेल्या पिशवीचा दाखला देऊन स्पष्ट केले, की भाता फाकला की पिशवी फुगते ती बाहेरच्या हवेच्या दाबाने, स्वतःच्या ओढीने नव्हे.

यावरून श्वासात दोन कर्ते दिसू लागतात: एक जागा करणारा, दुसरा ती जागा भरणारा. स्नायू फक्त जागा करतात; भरण्याचे काम माणसाच्या डोक्यावर मैलोगणती उंच उभा असलेला वायूचा सागर करतो. बजबजसारख्या, समुद्रसपाटीला जवळजवळ टेकलेल्या गावात या सागराचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम इतका पुरा असतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो एक तृतीयांशावर येतो. तेथे स्नायू जागा तितकीच करतात, पण त्या जागेत येणारा वारा विरळ असतो. ‘श्वास घेणे’ या शब्दप्रयोगातले ‘घेणे’ म्हणूनच अर्धेच खरे आहे.

प्राण म्हणजे हा वारा नव्हे, हा विचार विवेकानंदांचा स्वतःचा नाही. त्यामागे वेदान्ताची मोठी परंपरा आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील नववे सूत्र सांगते की मुख्य प्राण हा केवळ वायूही नाही आणि इंद्रियांची क्रियाही नाही, कारण श्रुतीने त्याचा वेगळा उल्लेख केला आहे. या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी सांख्यांचे मत समोर ठेवले आहे, आणि त्यात एक दृष्टान्त येतो जो शरीररचनेच्या अभ्यासकाला थबकवतो. एका पिंजऱ्यात अकरा पक्षी असावेत, प्रत्येकाने आपापली धडपड करावी आणि त्या सर्वांच्या धडपडीने पिंजरा हलावा, त्याप्रमाणे अकरा इंद्रियांच्या एकत्रित व्यापारालाच प्राण हे नाव आहे, असे हे मत. शंकराचार्य ते नाकारतात. पक्ष्यांची प्रत्येक हालचाल पिंजरा हलवण्यास थोडीतरी उपयोगी पडणारी असते, परंतु ऐकणे, पाहणे, स्पर्शणे या व्यापारांची जात आणि जगवण्याच्या व्यापाराची जात यांत काहीच साम्य नाही, मग त्यांच्या बेरजेतून प्राणन कसे निर्माण होणार? त्यांचा स्वतःचा निष्कर्ष असा की, प्राण हा वायूच आहे, पण देहात येऊन पाच प्रकारे विशेष रूप पावलेला. तो वायूहून सर्वस्वी वेगळे तत्त्वही नाही आणि निव्वळ वायूही नाही. मराठीत छातीच्या हाडांना पिंजराच म्हणतात, आणि हा पिंजरा हलतो तेव्हा त्यातला पक्षी धडपडत नसतो, फुप्फुसे त्यात निमूट असतात, हे भाष्यकारांना ठाऊक असते तर हा दृष्टान्त त्यांनी कोणत्या बाजूने वापरला असता, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

छांदोग्य उपनिषद याहून अधिक शरीराजवळचे आहे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या खंडात प्राण आणि अपान यांच्यामध्ये व्यानाला बसवले आहे. बाहेर जाणारा तो प्राण, आत येणारा तो अपान, आणि या दोहोंचा सांधा म्हणजे व्यान, असा तेथील अर्थ भाष्यकार लावतात. पुढे उपनिषद सांगते की बोलताना माणूस श्वासही घेत नाही आणि सोडतही नाही, आणि जी कामे बळाची आहेत, म्हणजे अग्नी मंथून काढणे, शर्यतीत धावणे, ताठ धनुष्य वाकवणे, तीही श्वास न घेता आणि न सोडता होतात. बोलणे आणि धावणे यांविषयी हे अक्षरशः खरे नाही, हे मान्य केले पाहिजे; पण धनुष्याविषयीचे निरीक्षण इतके अचूक आहे की ते करणाऱ्याने स्वतः धनुष्य वाकवले असावे. जडशीळ पोते उचलणाऱ्या हमालाकडे नीट पाहिले तर हेच दिसते. तो पोत्याखाली खांदा घालतो, श्वास आत भरतो, आणि मग क्षणभर सारे थांबते: ओठ मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, चेहरा रक्ताने भरून आलेला, पोते खांद्यावर ठीक बसले की घशातून एक जाड हुंकार बाहेर पडतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. त्या थांबलेल्या क्षणी स्वरयंत्राचे दार बंद असते, पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळलेले असतात, छातीतला दाब उणा न राहता बाहेरच्यापेक्षा बराच चढलेला असतो, आणि या दाबाने ताठ झालेले धड हातांना आणि कण्याला भक्कम आधार देते. तागाच्या गासड्या वाहणाऱ्या बजबजच्या कष्टकऱ्यांनी अशा श्वासरोधावर किती पिढ्या काढल्या असतील! उपनिषदाने ज्याला व्यान म्हटले, त्याचे याहून जवळचे दर्शन ग्रंथांत मिळणार नाही.

जागा करणे आणि वारा आत येणे या दोन गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत, हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय मात्र एका महाराष्ट्रीय योगसाधकाला द्यावे लागते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू करून हठयोगाच्या क्रियांची क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासणी आरंभली. उड्डियान या बंधात साधक सर्व श्वास बाहेर सोडतो, स्वरयंत्राचे दार मिटतो आणि मग श्वास आत घेतल्याप्रमाणे बरगड्या फाकवतो. छाती मोठी होते, परंतु वाऱ्याला वाट नसल्याने वारा येत नाही. छातीतला दाब उतरतो, सैल पडलेले श्वासपटल वर चढते आणि त्याच्यामागून पोट आत जाऊन बरगड्यांखाली खोल खळगा पडतो. पोटाचे स्नायू फिरवण्याच्या नौली या हठयोगातील क्रियेत मोठ्या आतड्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केले आणि त्या उण्या दाबाला आपल्या गुरूंचे, परमहंस माधवदासांचे, नाव दिले. माधवदास मूळचे बंगालचे. ते नर्मदाकाठी मालसर येथे राहिले आणि तेथे त्यांनी या मराठी शिष्याला क्रिया शिकवली. बंगाली गुरूच्या नावाने ओळखला जाणारा एक दाब लोणावळ्यात मोजला जावा, ही गोष्ट दोन्ही प्रांतांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. तात्त्विक दृष्टीने पाहता, उड्डियानात माणसाच्या हाती काय आहे आणि काय नाही याची सीमा स्पष्ट होते: पोकळी करणे त्याच्या हाती आहे, ती भरणे नाही.

विवेकानंदांच्या व्याख्येची कठीण परीक्षा मात्र योगशाळेत झाली नाही, रुग्णालयात झाली. १९२८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी लोखंडी फुप्फुस या नावाने पुढे ओळखले गेलेले यंत्र उपयोगात आणले. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाचे मानेखालचे सर्व शरीर एका बंद पिपात ठेवले जाई, डोके बाहेर राही, आणि भात्याने पिपातली हवा कमी केली की छाती आपोआप उचलली जाऊन नाकावाटे वारा आत येई. रुग्ण जागा असे, बोलत असे, प्रार्थना करीत असे, आणि त्याच्या श्वासासाठी त्याच्या एकाही स्नायूची हालचाल होत नसे. फुप्फुसांना हलवणारी शक्ती म्हणजे प्राण, ही व्याख्या शब्दशः घेतली तर येथे प्राण विजेच्या मोटारीत होता असे म्हणावे लागेल, आणि कोणताही श्रद्धावान माणूस ते म्हणणार नाही. याच्याही आधी, १६६७ मध्ये, रॉबर्ट हूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे छाती उघडलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसांत भात्यांनी अखंड वारा सोडून, फुप्फुसे स्थिर राहिली तरी प्राणी जगतो, हे दाखवले होते. तो प्रयोग क्रूर होता आणि हूक स्वतःही तो पुन्हा करण्यास कचरत होता. त्यातून निघालेला निष्कर्ष एवढाच की, जगण्यासाठी हालचाल आवश्यक नाही, ताजी हवा आवश्यक आहे. तेव्हा फुप्फुसांच्या हालचालीला प्राणाची खूण मानणे पुरेसे नाही. विवेकानंदांच्या बाजूने इतके मात्र म्हटले पाहिजे की, त्यांच्या दृष्टीने ही हालचाल प्राणाचे सर्वांत स्थूल रूप होते, हाताला लागणारे पहिले टोक होते, संपूर्ण प्राण नव्हे. विश्वातील सर्व शक्तींचे मूळ ते प्राणात पाहत. त्या मोठ्या दाव्याला दाबमापकाचा आधारही नाही आणि विरोधही नाही.

कठोपनिषदाची वाट अधिक सुरक्षित आणि अधिक खोल वाटते. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वल्लीतील पाचवा मंत्र सांगतो की मर्त्य माणूस प्राणानेही जगत नाही आणि अपानानेही नाही. हे दोघे ज्याच्या आश्रयाने आहेत त्या तिसऱ्याच कशाने तो जगतो. लोखंडी फुप्फुसातल्या रुग्णाविषयी हे विधान निरपवाद टिकते, कारण तेथे आत-बाहेर करणारा वारा यंत्राच्या स्वाधीन असूनही ज्याच्यासाठी ते सारे चालले होते तो यंत्रात नव्हता.

गीतेच्या पाचव्या अध्यायातील आठव्या आणि नवव्या श्लोकांत तत्त्ववेत्ता काय करीत असताना स्वतःला अकर्ता मानतो याची यादी आहे. पाहणे, ऐकणे, चालणे, झोपणे यांच्या ओळीत श्वास घेणेही तेथे आहे. शके १२१२ मध्ये गीतेवर मराठीत बोलणाऱ्या ज्ञानेश्वरांपासून आजच्या प्रवचनकारांपर्यंत या यादीवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि बहुधा इतर क्रियांच्या गर्दीत श्वास मागे पडला आहे. वास्तविक तो या यादीतला सर्वांत बोलका शब्द आहे. चालायचे नाही असे ठरवून माणूस दिवसभर बसून राहू शकतो; श्वास घ्यायचा नाही असे ठरवले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र मानेतून उतरणाऱ्या मज्जातंतूंमार्फत श्वासपटलाला आज्ञा देते, आणि ठरवणाऱ्याचे काही चालत नाही. तरीही काही काळ दम धरता येतो, श्वास लांबवता येतो, मोजता येतो. सर्वस्वी इच्छेच्या अधीन आणि सर्वस्वी इच्छेबाहेर या दोन प्रांतांच्या बांधावर उभी असलेली अशी क्रिया देहात दुसरी क्वचितच सापडेल. योगाने दार म्हणून श्वासच निवडला याचे कारण येथे असावे. अकर्तेपणाचा गीतेचा उपदेश श्वासाच्या बाबतीत मात्र थोडा मर्यादित करून घ्यावा लागतो: जागा करण्याचे श्रम देहाचेच आहेत आणि ते रोज वीस हजारांच्या आसपास वेळा होतात, त्यांना नाकारणे म्हणजे श्वासपटलावर अन्याय करणे होईल.

आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची गोष्ट याहून निराळी आहे. शांत अवस्थेत उच्छ्वासाला श्रम लागत नाहीत. स्नायू सैल होतात, ताणलेले फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणाने आक्रसते, वायुकोशांतला दाब बाहेरच्यापेक्षा १ सेंटिमीटरने चढतो आणि वारा निघून जातो. दम्यात मात्र हेच सोडणे कष्टाचे होते. वायुनलिका आकसल्यामुळे वारा आत अडकतो, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या वाऱ्यासाठी जागा होत नाही. माणूस जोर लावून तो बाहेर ढकलू पाहतो तेव्हा छातीतला वाढलेला दाब त्याच नलिकांना बाहेरून आणखी दाबतो. बजबजला उतरलेल्या त्या संन्याशाला पुढच्या काही वर्षांत हा विकार जडला. १९०१ मध्ये शिलाँग येथे त्याने फार उग्र रूप घेतले, आणि ४ जुलै १९०२ रोजी बेलूरच्या मठात, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, विवेकानंदांचे देहावसान झाले. फुप्फुसांना हलवणाऱ्या शक्तीविषयी ज्यांनी जगाला सांगितले, त्यांनी अखेरच्या काळात कित्येक रात्री अडकलेला वारा बाहेर जाण्याची वाट पाहत काढल्या.